पोळ्याचे नंदी ऑनलाइन विकणाऱ्या घरानं दुसरी कमाई कधी जोडली : एक प्रकरण अभ्यास

प्रकरण वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं आहे. नाव-गाव देत नाही, कारण घरच्यांनीच सांगितलं की हिशोब खुशाल सांगा पण आमचं नाव नको. मी तालुक्याला ऑनलाइन फॉर्म, उद्यम नोंदणी, रिटर्न असली कामं करतो, त्यामुळं यांच्या धंद्याचे कागद माझ्याच कॉम्प्युटरवर पडून आहेत. खालचे आकडे तिथलेच, फक्त गोल केलेले.

घरची माणसं अशी. बाबा वाढई, म्हणजे सुतार, सागवानाचा नंदी करण्यात त्यांचा हात धरणारा आजूबाजूला कोणी नाही. मुलगा, त्याला इथं भाऊच म्हणू, ग्रामपंचायतीत संगणक परिचालक, मानधन तुटपुंजं आणि तेही रखडत रखडत येते. वहिनी रंगकाम करते, नंदीचे डोळे काढावे तर तिनंच. दोन एकर कोरडवाहू आहे, कपाशी आणि तूर, त्याच्यावर घर चालत नाही हे वेगळं सांगायला नको.

विदर्भाबाहेरच्या लोकांसाठी एवढंच की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं लेकरांचा तान्हा पोळा असतो. लाकडाचा नंदी, त्याला चाकं, गळ्यात घुंगरू, अंगावर झूल, आणि लेकरं तो ओढत घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची ही चाल आहे असं जुनी माणसं सांगतात, आणि आमच्याच जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला तर बाहेरगावचे लोक येतात. आता नोकरीपायी पुण्या-मुंबईला गेलेली वैदर्भीय मंडळी आहे ना, त्यांना लेकरांसाठी नंदी पाहिजे असतो आणि तिकडं तो सहजासहजी भेटत नाही. यांचा सगळा धंदा या एका गरजेवर उभा झाला.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसपासून. मग इन्स्टाग्रामवर बाबा पटाशीनं वशिंड काढून राहिले असा एक रील चालला आणि ऑर्डरी सुरू झाल्या. २०२३ ला सगळं मिळून एक लाख चाळीस हजाराची विक्री, सगळी डायरेक्ट, यूपीआयनं पैसे आधी, मग स्पीड पोस्ट. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदलला, जीएसटी नंबर नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही आपल्या राज्यापुरता माल मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेकांचा माल एकाच ठिकाणी विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, विकता येऊ लागला, त्यासाठी पोर्टलवरून एक एनरोलमेंट नंबर काढावा लागतो, तो मीच काढून दिला. त्यामुळं २०२४ च्या पोळ्याला माल एका मोठ्या मार्केटप्लेसवर चढला आणि विक्री दोन लाख साठ हजारावर गेली, त्यातली निम्म्याहून जास्त मार्केटप्लेसची.

आता इथपर्यंत कोणीही म्हणेल की वा, मस्त चाललं आहे, अजून काहीतरी जोडा. भाऊला पण २०२३ च्या सीझननंतरच तसं वाटायला लागलं होतं, वायगावची हळद विकू, यूट्यूब काढू, काय काय. तेव्हा बाबानं एका वाक्यात विषय संपवला, "माह्याच्यानं एका दिवशी दोन नंदीच्या वर होत नाही, तू दहा दुकानं लाव नाहीतर वीस." माझ्या मते या पूर्ण प्रकरणात सगळ्यात कामाचं वाक्य हेच आहे, पण त्या वेळी ते म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून सोडून देण्यात आलं.

२०२४ ला काय झालं ते नीट पाहू, कारण निर्णय तिथूनच निघाला.

पोळा २ सप्टेंबरला होता. ऑगस्टच्या मध्यात, म्हणजे ऐन ऑर्डरींच्या वेळी, मार्केटप्लेसनं लिस्टिंग, म्हणजे नंदी विकायचं पानच, बंद केली. मेसेज काय, तर खेळण्याचं बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) सर्टिफिकेट जोडा. भाऊ घाबरून माझ्याकडं आला. मी पाहिलं तर त्यांचं चुकत नव्हतं, केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, चौदा वर्षांखालच्या लेकरांच्या खेळण्यावर आयएसआय मार्क लागतो, आणि चाकं लावलेला लाकडी नंदी त्यात बसतो. पण त्याच आदेशात एक सूट आहे, विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडं नोंद असलेला कारागीर स्वतः बनवून विकत असेल तर त्याला तो मार्क लागत नाही. म्हणजे बाबांचं कारागीर ओळखपत्र काढायचं होतं. ते का आठ दिवसात निघते! सीझन गेला.

मग जे हातात होतं त्यावर उरलेले दिवस काढले. आधीच्या वर्षीच्या डायरेक्ट गिऱ्हाइकांचे नंबर भाऊनं सेव्ह करून ठेवले होते, त्यांना ब्रॉडकास्ट टाकला, त्यातून बऱ्यापैकी माल निघाला, तरी सत्तरेक नंदी घरात उरले. एका ओळीत उभे केलेले, रंगवलेले, आणि वर्षभर त्यांना कोणी विचारणार नाही.

दुसरा दणका पोळा झाल्यावर. मार्केटप्लेसवर सात दिवसात परत करायची सोय असते, तर काही लोकांनी तान्हा पोळा साजरा करून नंदी वापस पाठवले. कारण काय लिहलं, तर "फोटोसारखा नाही". डबा उघडला तर नंदीच्या कपाळावर गुलाल, शिंगाला बेगड, आणि एकाच्या तर चाकात चिखल. वहिनी हसावं का रडावं अशा तोंडानं कापडानं गुलाल पुसत बसली होती. बाकीचे रिटर्न शिंगं तुटल्याचे, ते मात्र आपल्याकडचं काम होतं. पुढच्या वर्षीपासून शिंगं नंदीच्या डोक्यात खुंटीवर बसतील अशी वेगळी केली, कागदाच्या नळीत गुंडाळून पोटाखाली ठेवायची आणि गिऱ्हाइकानं घरी दाबून बसवायची, तेव्हापासून तुटफूट जवळजवळ थांबली.

भाद्रपदात भाऊ माझ्याकडं आला तेव्हा त्याच्या डोक्यात एकदम सगळं होतं. "दादा, एका लिस्टिंगच्या भरवशावर राहिलो तर मरन हाय, आता काही ना काही दुसरं पाह्यच लागते." भाऊचं कॉलेजात असताना टिकटॉक खातं चांगलं चालत होतं, २९ जून २०२० ला सरकारनं ५९ अ‍ॅप बंद केले त्यात तेही गेलं, म्हणून ही भीती त्याला पाठ होती. भीती खरी होती, यात वाद नाही. पण मी त्याला म्हटलं दिवाळीपर्यंत काहीच ठरवायचं नाही. कारण साधं, रिटर्न यायचे बाकी होते, मार्केटप्लेसकडून पैशाची सेटलमेंट अर्धवट होती, आणि दोन लाख साठ हजारातले खरे किती हे तोवर कळणारच नव्हतं. घाईत माणूस जे जोडते ते बहुतेक आधीच्याच धंद्याची दुसरी खिडकी असते, कमाई दुसरी नसते.

दिवाळीनंतर हिशोब लागला. सागवान, रंग, घुंगरू, चाकं, खोकी, कुरिअर, मार्केटप्लेसचं कमिशन, रिटर्नचा दोन्हीकडचा खर्च काढून हातात राहिले ऐंशी हजाराच्या आसपास. आणि वर्षाच्या विक्रीतले दहापैकी नऊ रुपये पोळ्याच्या आधीच्या सहा आठवड्यात आलेले. त्या ऐंशी हजारात बाबाची आणि वहिनीची मजुरी धरलेलीच नव्हती, ते वहिनीनंच काढलं, कागदावर बोट ठेवून, "भाऊजी, माह्या मजुरीचा रकाना कुठी हाय याच्यात?" रकाना नव्हता. काढला.

आता मुद्द्याची गोष्ट. दुसरी कमाई जोडायची वेळ आली का हे ठरवायला आम्ही विक्रीचा आकडा पाहिलाच नाही. आम्ही पाहिलं की ही कमाई कशाकशावर लटकलेली आहे. तीन गोष्टी निघाल्या : एक तारीख, एक मार्केटप्लेस, आणि एका माणसाचे दोन हात. तारखेचं म्हणाल तर ती पण जागेवर राहत नाही, २०२३ ला अधिक श्रावण होता म्हणून पोळा १४ सप्टेंबरला गेला, २०२४ ला २ सप्टेंबर, आणि २०२५ ला तर २२ ऑगस्ट. म्हणजे दोन वर्षात तीन आठवडे अलीकडं, तेवढा बनवायचा वेळ कमी, आणि तोही भर पावसाचा, ज्यात ऑइल पेंट सुकता सुकत नाही.

मग भाऊच्या यादीतला एकेक धंदा घेऊन विचारायचं की पोळा झाल्यावर हे चालते का, लिस्टिंग बंद पडली तर चालते का, आणि बाबाचा खांदा दुखला तर चालते का. खांदा खरंच दुखतो, वय झालं.

पहिला विचार जीएसटी नंबर काढून राज्याबाहेर विकायचा. ऐकायला मोठा वाटते. पांढुर्ण्याकडं, छिंदवाड्याकडं, छत्तीसगडात पण पोळा होतो, गिऱ्हाइक आहे. मार्केटप्लेसवरून दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर जीएसटी नोंदणी लागतेच, आणि ती घेतली की विक्री शून्य असलेल्या महिन्यांचंही रिटर्न भरत बसा. एवढं करून गिऱ्हाइक वाढलं तरी तारीख तीच, मार्केटप्लेस तेच, हात तेच. तिन्ही प्रश्नांवर नापास. मोठे नंदी भाड्यानं द्यायचे, दुसऱ्या एका मार्केटप्लेसवर चढायचं, हे पण त्याच गतीनं गेलं, दुसऱ्या मार्केटप्लेसनं एक प्रश्न सुटत होता पण बाबाचे दिवसाला दोन नंदी दोनच राहत होते.

यूट्यूबवर बरीच चर्चा झाली, कारण गावात एकदोघांचे शेतीचे चॅनल चालतात आणि लोकांना वाटते पैसा पडूनच आहे. जाहिरातीचा वाटा पाहिजे तर एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तासांचा वॉच टाइम, नाहीतर नव्वद दिवसात शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू. ते झालं तरी खात्यात शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. लाकूडकामाचा चॅनल मराठीत काढून तिथपर्यंत पोचायला किती काळ लागेल याचा भरवसा नाही, आणि शूटिंग-एडिटिंगचा वेळ कुठून आणणार. आम्ही ठरवलं की व्हिडिओ बनवायचे पण ते जाहिरात म्हणून, त्याचा कमाईत रकाना धरायचा नाही. यात एक फायदा भाऊनंच सांगितला, रील पाहून आलेलं गिऱ्हाइक डायरेक्ट मेसेज करते, त्याचा नंबर आपल्याकडं राहते, मार्केटप्लेसचा गिऱ्हाइक मार्केटप्लेसचाच राहते.

हळदीचं प्रकरण मजेशीर आहे. वायगाव आमच्याच जिल्ह्यातलं, समुद्रपूर तालुक्यात, तिथल्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, नाव आहे, वर्षभर खप आहे. तिन्ही प्रश्नांवर हळद चक्क पास! पोळ्याशी संबंध नाही, डायरेक्ट विकता येते, बाबाच्या हातांची गरज नाही. तरी आम्ही सोडली. कारण हळद काढणीच्या वेळी नगदी पैसे मोजून घ्यावी लागते, तेव्हा हातात पैसा नसतो. खाण्याची वस्तू म्हणून फूडचं रजिस्ट्रेशन, दळण, पॅकिंग, त्यात भेसळीचा संशय आला की नंदीचं कमावलेलं नाव पण त्याच्यासोबत जाते. आणि मुख्य म्हणजे या घराला हळदीतलं काही कळत नाही, ज्यांचं शेत आहे तेच आता ऑनलाइन विकतात, त्यांच्यापुढं हे फक्त दलाल. म्हणजे वरचे तीन प्रश्न कामाचे आहेत पण तेवढ्यावर सोडून देऊ नका, हे काम आपण दुसऱ्यापेक्षा बरं का करू याचं उत्तर नसेल तर पास झालेला धंदा पण सोडावा. यादीतल्या पोळपाट-लाटण्याचं तर बाजारात लेथवर निघालेला माल इतका स्वस्त भेटते की बोलून उपयोग नाही.

मग जे निवडलं ते कुठून सापडलं, तर चॅटमधून. भाऊला म्हटलं यादी बाजूला ठेव आणि पोळ्याचे सहा आठवडे सोडून बाकी वर्षात लोकांनी काय विचारलं ते व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शोध. दोन संध्याकाळी तो आणि वहिनी मोबाईल घेऊन बसले. निघालं असं की लोक सारखे विचारत होते, हातावर बसेल एवढी बैलजोडी आहे का, नाव लिहून देता का, गृहप्रवेशाला द्यायची आहे, लग्नात पाहुण्यांना वाटायची आहे, सरांच्या रिटायरमेंटला द्यायची आहे. आणि यानं प्रत्येकाला एकच उत्तर दिलेलं, "सध्या नाही, पोळ्याले सांगा." न विचारता आलेली मागणी होती ती, फुकटची, आणि दोन वर्षं परत पाठवून राहिला होता.

छोट्या जोडीचा फायदा असा की ती कोरीव नाही. जाड फळीतून जिगसॉनं आकार कापायचा, सँडरनं घासायचा, बाकी सगळी कमाल रंगाची. मोठ्या नंदीतून उरलेले सागवानाचे तुकडे, जे आतापर्यंत चुलीत जात होते, तेच त्याला पुरतात. (सागवान आता स्वस्त राहिलं नाही, बल्लारशाच्या डेपोतलं लाकूड २०२३ ला अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं तेव्हापासून आरामशीनवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवूनच भाव सांगते.) कापायचं काम शेजारचा आयटीआय केलेला पोरगा नगावर करेल असं ठरलं. म्हणजे बाबाचे हात मोकळे. शोपीस आहे, खेळणं नाही, आणि विक्री डायरेक्ट. लग्नसराई कार्तिकानंतर सुरू होते आणि मे-जूनपर्यंत चालते, नेमकी तेव्हा, जेव्हा यांच्या घरात पैसा नसतो.

पैशाचा विषय. बाबाची पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्राच्या योजनेत सुतार म्हणून नोंदणी झाली होती, त्यात पंधरा हजाराचं टूलकिट आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज पाच टक्के व्याजानं, अठरा महिन्यात फेडायचं. भाऊ म्हणे घेऊन टाकू, इतकं स्वस्त कुठं भेटते. खरं आहे, स्वस्त आहे. पण हप्ता दर महिन्याला आणि कमाई वर्षातून एकदा, हे गणित जुळत नाही, नवीन काम चालते का हेच माहीत नसताना तर नाहीच. म्हणून टूलकिट घेतलं, कर्ज राहू दिलं. त्या ऐंशी हजारातून पंचवीस हजार वेगळे काढले, बाबानं स्पष्ट सांगितलं की हे गेले तर गेले, पण सव्विसाव्या हजाराले हात लावायचा नाही. आणि मुदत होळीपर्यंत, होळीला बसून पाहायचं, ऑर्डरी विचारून येत असतील तर पुढं, नाहीतर मशीन विकून मोकळं. होळी का, तर त्यानंतर बाबाला पोळ्याच्या मालाला लागावंच लागते.

मला विचाराल तर "कधी" चं उत्तर इथं आहे. पैसा बुडाला तरी घर हलत नाही एवढी शिल्लक, हात रिकामे असलेले महिने, आणि आपण न विचारता लोकांनी मागितलेली वस्तू, या तिन्ही गोष्टी त्या दिवाळीला पहिल्यांदा एकत्र आल्या. २०२३ ला शिल्लक नव्हती, २०२४ च्या भाद्रपदात मागणी कोणती हे पाहिलेलंच नव्हतं. लिस्टिंग बंद झाली म्हणून वेळ आली असं बाहेरून दिसते, पण लिस्टिंग बंद नसती झाली तरी त्या दिवाळीला मी हेच म्हटलं असतं.

झालं काय. होळीपर्यंत चांगलं चाललं, एका लग्नाची दीडशे जोड्यांची ऑर्डर आली, अर्धे पैसे अ‍ॅडव्हान्स. दुसरी एक तेवढीच मोठी ऑर्डर अ‍ॅडव्हान्स न घेता धरली, माल कापून झाला आणि लग्न पुढं ढकललं. त्या जोड्यांवर वर-वधूची नावं अजून घातली नव्हती हे नशीब, तोच माल पुढं दुसऱ्याला गेला. तेव्हापासून नियम एकच, अर्धे पैसे आल्याशिवाय नाव लिहायचं नाही. नोव्हेंबरपासून मेपर्यंत सगळं मिळून पंच्याऐंशी हजाराची विक्री, सामान, खोकी आणि पोराची मजुरी जाऊन बत्तीस हजार हातात, मशीनचे पैसे वेगळे.

आता वहिनीचा रकाना. छोट्या जोडीत सगळं काम रंगाचं, म्हणजे तिचं. तिनं वहीत लिहून ठेवलं होतं, साठेक दिवसांचं काम झालं. बाहेर रोजगार हमीवर गेली असती तर २०२४-२५ ला महाराष्ट्रात दिवसाचे २९७ रुपये होते, त्या दरानं अठरा हजाराच्या जवळ जातात. बत्तीसमधून ते काढा, चौदा राहतात. म्हणजे दुसरी कमाई म्हणून जी मिरवत होतो त्यातली निम्म्याहून जास्त वहिनीची मजुरीच होती. हे पाहून भाऊ थोडा खट्टू झाला. मला मात्र हा आकडा आवडला, कारण त्यावरून पुढचं ठरलं : जोडीचा भाव वाढवला, आणि कमी नगाची ऑर्डर घेणं बंद केलं, कारण पाच जोड्यांसाठी पण रंगाचे डबे तेवढेच उघडावे लागतात. मजुरी आता वहिनीच्या खात्यात वेगळी जाते. घरातल्या बाईचं काम फुकट धरून चालणारे असे "यशस्वी" साइड धंदे मी तालुक्यात बरेच पाहतो, त्यांचा हिशोब असा मांडला तर अर्धे तोट्यात निघतील.

२०२५ चा पोळा, २२ ऑगस्टचा. कारागीर ओळखपत्र आलं होतं, लिस्टिंग परत चालू झाली, पण भाऊनं मार्केटप्लेसवर फक्त मधल्या साइजचे नंदी ठेवले, मोठे आणि नावाचे डायरेक्टच. आयटीआयचा पोरगा आता चाकं आणि पाय पण कापून द्यायला लागला, त्यामुळं बाबाचे दिवसाला दोनचे तीन झाले. हा फायदा आम्ही धरलाच नव्हता, छोट्या जोडीसाठी आणलेल्या माणसानं मोठ्या नंदीची अडचण सोडवली. सीझनची विक्री दोन लाख सत्तर हजार, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा दहाच हजार जास्त, पण मार्केटप्लेसचा वाटा एक तृतीयांशावर आला, रिटर्न कमी झाले आणि उरलेला माल नावापुरता. वर्षाच्या विक्रीत पोळ्याचा वाटा दहापैकी नऊवरून चारपैकी तीनवर आला. काही फार मोठी उडी नाही. तरी जानेवारीत घरात पैसा होता ही त्या घरासाठी नवी गोष्ट होती.

आता यंदाची अडचण, जी आमच्या तिन्ही प्रश्नांतून निसटली होती आणि बाबानं पंचांग पाहून काढली. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. धोंड्याच्या महिन्यात आपल्याकडं लग्नं होत नाहीत, म्हणजे लग्नसराईचा शेवटचा तुकडा गेला. आणि त्याच अधिक महिन्यामुळं पोळा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ढकलला जाते. म्हणजे दोन कमाया वेगळ्या वाटत होत्या पण दोन्ही एकाच पंचांगावर चालतात, एक आखडली की दुसरी पण लांबणीवर, मधले महिने कोरडे. भाऊचं म्हणणं लगेच तिसरं काहीतरी जोडू, जावयाला वाण द्यायच्या वस्तू करू, धोंड्याच्या महिन्यात लोक खर्च करतातच. वहिनी म्हणते, "रंगवणार कोन, मीच न?" तिचं बरोबर आहे, तिसऱ्या कामाला दुसरा रंगारी मिळत नाही तोवर ते जोडणं म्हणजे तिच्यावरच ओझं टाकणं.

तूर्त ठरलं ते असं. लग्नाच्या ज्या ऑर्डरींची डिलिव्हरी १७ मेच्या आत आहे त्याच घ्यायच्या, अर्धे पैसे आधी. अधिक महिन्यात बाबा आणि पोरगा पोळ्याचा माल पुढं काढतील, पाऊस लागायच्या आत पहिला हात रंगाचा मारून ठेवतील म्हणजे श्रावणात फक्त डोळे आणि झूल राहते. गावातल्या बचत गटातल्या दोघीजणी वहिनीकडं रंगकाम शिकायला येऊन राहिल्या, त्यांचा हात बसला तर दिवाळीला तिसऱ्या कामाचा कागद परत काढू, आणि विश्वकर्माच्या कर्जाचा पण तेव्हाच.